मायघरात पडलेलं जाळं

प्रिय भाऊजी,

आज सकाळी मायघरात जाळं पडलं. टाकणारा तुमचा पोरगा सुखदेव, आणि टाक म्हणणारा मी. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून दुकान बंद ठेवून लिहायला बसलो आहे. तिकडे आपल्या तळ्यावरची माणसं आता बरीच जमली असतील. त्यांतलं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल आणि तुम्ही माझ्यावर रुसाल. तुमचं रुसणं मला ठाऊक आहे. आठवडाभर तोंड फिरवून बसायचे, आणि मग काही झालंच नाही अशा सुरात विचारायचे, "का गा नत्थू, का म्हणते आंधळगावचा बाजार?"

बाजार बरा म्हणतो, भाऊजी. तुमच्या तळ्यावरची मासोळी डोक्यावर टोपलीत घेऊन मी पहिल्यांदा त्या बाजारात गेलो, तेव्हा बसायला गोणपाटाएवढी जागा मिळत नव्हती. आता पक्कं दुकान आहे, बर्फाची पेटी आहे, वर पाटीवर नाव आहे. पण त्या पेटीत आपल्या तळ्याची मासोळी क्वचितच असते. बाहेरून येते, डोळे पांढरे झालेली. गिऱ्हाईक विचारतं, "आपल्या तऱ्याची हाय का जी?" आणि मी हसून त्याच्या पोराबाळांची चौकशी करतो. धंद्यात हसता आलं पाहिजे हे मी तुमच्याकडूनच शिकलो ना?

आंधळगावातली नवी पोरं मला विचारतात, मायघर म्हणजे काय. मी सांगतो ते बरोबर आहे का बघा. तळ्याच्या मधोमध टापू. टापूवर आपल्या ढिवरांची मूठभर घरं. टापूच्या पायथ्याशी, दक्षिणेला, तळ्यातला सगळ्यांत खोल डोह. उन्हाळ्यात पाणी ओसरत आलं की अंड्यावरच्या मोठ्या मासोळ्या तिथं येऊन राहतात, लेकी बाळंतपणाला माहेरी याव्यात तशा. होळीपासून पावसाचा लोंढा येईपर्यंत तिथं जाळं नाही, गळ नाही, पोरांनी डुंबायचंसुद्धा नाही. लोंढा आला की त्या नाल्याच्या तोंडाशी चढतात, अंडी टाकतात, आणि टापूचं पुढचं सगळं वर्ष त्यावर चालतं. राखण करायची टापूच्या मुखियानं. आधी तुमच्या वडलांनी केली, मग तुम्ही.

दुसरी गोष्ट सांगतो ती मासोळीच्या बोलण्याची. जेठ महिन्यात एखाद्या कुंद दिवशी वारा पडतो, ढग खाली उतरतात, अंगाची लाही होते. त्या दिवशी मायघरातल्या मासोळ्या पाण्याच्या वर तोंडं काढतात आणि उघडझाप करत राहतात. चुबुक, चुबुक. काठावर बसलं तर सगळा डोह कुजबुजतोय असं वाटतं. मासोळी बोलली की चार-सहा दिवसांत पाणी. तुमच्या वडलांच्या हयातीत हे कधी चुकलं नाही. मासोळी बोलली हे कळलं की बायका छपरं शाकारायला लागायच्या आणि पुरुष डोंगे उलटे करून त्यांच्या फटी बुजवायचे.

माझी बहीण, आपली बाई, तुमच्या घरी नांदायला आली आणि तिच्या पाठोपाठ मी टापूवर यायला लागलो, तेव्हा तुम्ही मला काठावर बसवायचे. "साळ्याचे कान मांजरीचे हायेत. त्याले ऐकू द्या." मी ऐकायचो आणि बोलली म्हणून मान हलवायचो. केवढा मान होता तो! आता बाजारात कोण कुणाच्या कानात काय कुजबुजतो ते मला चार दुकानांवरून ऐकू येतं आणि त्यावर माझं घर चाललं. पण कान तयार झाले तुमच्या डोहावर.

टापू तेव्हा खरंच टापू होता. पोळ्याच्या सुमाराला चारी बाजूंनी पाणी, शिंगाड्याचे वेल पार पाळीपर्यंत, तळ्याच्या बांधापर्यंत पसरलेले, बाभळींवर बगळ्यांची इतकी घरटी की खाली उभं राहिलेला माणूस पांढरा होऊन यायचा. तुम्ही मला एकदा म्हणालात, "आपन बी बगळेच हाओ गा. पान्यात घर नाही, पन पान्याबिगर बी नाही."

मग ते वर्ष आलं. तुम्हाला आठवण करून द्यायची माझी इच्छा नाही. पण ते वगळून आजचं सांगता येत नाही.

त्या वर्षी पाऊस धान निसवायच्या आतच निघून गेला. डोमाजी आणि बाकीचे शेतकरी पाळीवर जमले आणि धानाला पाणी सोडायला तळ्याचं दार उघडायचं म्हणाले. तुम्ही आडवे आला नाहीत. "धान वाचलं पायजे. त्यायच्या बी घरी लेकरं हायेत," एवढंच म्हणालात. धान अर्धंमुर्धं वाचलं. तळं मात्र होळीलाच जेठासारखं दिसायला लागलं. चैतात शेळ्या चालत टापूवर आल्या. त्यांच्या मागे कुत्री आली आणि बगळ्यांनी घरटी सोडली. वैशाखात पाणी उरलं ते फक्त मायघरात.

रोहिणी कोरडी गेली. मृग कोरडा गेला. आणि एका सकाळी आभाळ भरलं, वारा पडला आणि मासोळी बोलली.

मी तिथं होतो, भाऊजी. मीही ऐकलं. टापूवरचे सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी मान हलवली. म्हातारा कवडू रडला. घरोघरचं धान्य संपत आलेलं. लोक शिंगाड्याचं राहिलेलं पीठ आणि चिखलातली मरळ खाऊन दिवस काढत होते. जाळं टाकू या असं कुणीकुणी पुटपुटत होतं, ते त्या चुबुक-चुबुक आवाजानं गप्प झालं.

चार दिवस झाले. सहा झाले. ढग येत आणि दुपारी विरून जात. मासोळी रोज बोलत होती, आधीपेक्षा जास्त. तुम्ही काठी घेऊन डोहावर बसलेले. भाकर द्यायला बाई आली ती रिकाम्या हातानं.

"भाकर कोठी हाय?"

"मायघरात हाय. काढून द्या, रांधतो."

"वेडी झाली का? पानी दाराशी आलं हाय."

"पानी दाराशी हाय, अन् लेकरं चुलीशी हायेत. तुमी कोनाची राखन करून राहिले? त्या मासोऱ्यायची का तुमच्या बापाच्या नावाची?"

बाई जाताना माझ्याकडे वळली. "अन् तू रे, मांजरीच्या कानाच्या? भुकेचा आवाज येते का तुले?"

मी हसलो. त्या दिवशीसुद्धा हसलो.

दोन दिवसांनी सकाळी आवाज बंद झाला. मला आधी वाटलं, वारा सुटला असेल. वारा नव्हता. डोहावर पांढरं आवरण दिसत होतं. जवळ गेल्यावर कळलं ती पोटं आहेत. हातभर लांब, अंड्यांनी फुगलेल्या, सगळ्या एकदम. दुपारपर्यंत घारी आल्या. वास असा सुटला की खायला नेण्याजोगीही एक उरली नाही. तुम्ही गुडघाभर चिखलात उतरून एकेक उचलून बाहेर टाकत होतात आणि टापूवरचं कुणीही तुम्हाला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, नाही का? शिवी माणसाला झेलता येते. ते नुसते बघत उभे राहिले, आणि कवडू एवढंच म्हणाला, "माय गेली. आता लेकरं कोठची?"

आणि मग पाऊस आला, भाऊजी. महिना उलटल्यावर आला आणि असा आला की दोन दिवसांत तळं पाळीला लागलं. टापूच्या खालच्या घरांत पाणी शिरलं. चहूकडे पाणीच पाणी, आणि त्यात काही नाही. तुम्ही डोंगा घेऊन दिवसभर फिरलात. जाळं टाकायचे, ओढायचे, शेवाळ झटकायचे. असं भरलेलं रिकामं तळं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्या दिवाळीला तुम्ही चिखल्याला खाणीवर गेलात. ज्या माणसाचे पाय वर्षातले आठ महिने पाण्यात, तो जमिनीच्या पोटात मँगनीज काढायला उतरला. मी भेटायला आलो होतो, आठवतं? वसाहतीतली खोली, तांबूस धूळ बसलेली दोरी, दोरीवर तुमचा सदरा. मी म्हणालो, "चला ना परत. मी हंड्यायतून मासोरीचं बी आणून तऱ्यात सोडतो." तुम्ही म्हणालात, "सोड ना. मी का नाही म्हटलो?" आणि चहा पुढे केलात. मी ते बारक्या पिल्लांचं बी आणलं, सोडलं, दोन-तीन वर्षांत मायघर पुन्हा भरायला लागलं. एकदा तरी बघायला यायचं होतं, भाऊजी. बैलगाडीनं, बसनं, कसंही. बाई दर आखाडीच्या सणाला वाट बघायची. ताप आला तेव्हासुद्धा निरोप दिला नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा शेजारच्यांनी तुम्हाला शेवटची आंघोळ घातलेली होती. एवढा कसला राग होता? आणि कुणावर?

ते बी आणताना मला एक कळलं. तेव्हाच येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं, पण तुम्ही तळ्याचं नाव काढू द्यायचे नाहीत. हंडीतलं पाणी शिळं झालं की बारकं पिल्लूही वर येऊन तोंड उघडतं. चुबुक, चुबुक. हंडी हलवली, वरून ताजं पाणी ओतलं, की ते खाली जातं. नाही ओतलं तर मरतं. भाऊजी, मासोळी बोलत नाही. तिला दम लागतो. कुंद हवेत दम लागायचा, आणि पूर्वी कुंद हवेमागून पाऊस यायचाच, म्हणून तुमच्या वडलांचं चुकलं नाही. आता हवा कुंद होते आणि पाऊस येत नाही. ढग तेच दिसतात, पण त्यांचं येणं-जाणं पूर्वीचं राहिलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. पंचांगवाल्यालाही सांगता येत नाही, आणि दुकानातल्या रेडिओलाही नाही.

यंदा पुन्हा तसंच वर्ष आहे. मृग कोरडा, आर्द्रा निम्म्यावर. पाणी फक्त मायघरात. आणि मायघरावर काठी घेऊन कोण बसलेला? तुमचा सुखदेव.

परवा टापूवरची माणसं माझ्या दुकानात आली. म्हणाली, "नत्थूभाऊ, तुमी मामा हाओ त्याचे. आमचं आयकत नाही. मासोरी बोलून राहिली, पानी येते, म्हणते. मागच्यासारखं झालं त आमी यंदा कोठी जावं?" मी काल सकाळी गेलो. पाळीवरूनच आवाज ऐकू आला आणि मी धावतच खाली उतरलो. सुखदेव डोहाकडे तोंड करून बसलेला, पाठ अगदी तुमची.

"का गा भाच्या, का करून राहिला?"

"बसून राहिलो, मामा. ऐका ना. बोलून राहिली."

"ऐकलो. आता उठ अन् जाळं काढ."

तो उठला नाही. "तुमी बी तेच म्हणता? मंग माह्या बापानं का केलं? सारं गाव म्हणते सीताराम चुकला. यंदा पानी आलं ना मामा, मंग कोनाची छाती हाय पुन्हा म्हणाची?"

तेव्हा मला कळलं की पोरगा मासोळ्या राखत नव्हता. तुम्हाला राखत होता. आता सांगा, मी काय करायला हवं होतं? तुमच्या पोराला कुठल्या तोंडानं सांगायचं की बाप ज्या आवाजावर बसून राहिला तो पावसाचा नव्हता, मरणाचा होता? बाजारात मी शंभर माणसांना गोड बोलून वळवतो. तिथं एक गोड शब्द सापडला नाही.

म्हणून सरळ सांगितलं. हंडीचं सांगितलं, दम लागण्याचं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे त्या रोज मरून राहिल्या होत्या, अन् बाबा त्यायले शाबास म्हनून राहिले होते?"

"बाबाले कोनी सांगतलं नव्हतं, बेटा. मले बी ठाऊक नव्हतं. मी बी मान हलवली होती."

"मंग मले कायले सांगतलं?" त्यानं काठी चिखलात रोवली आणि घराकडे निघून गेला. दिवसभर दार लावून बसला. बाई माझ्याजवळ येऊन बसली. थकली आहे ती, भाऊजी. टापूवर चार घरं उरली आहेत, त्यात एक तिचं. मग म्हणाली, "बरं केलं, सांगतलं. तुह्या भाऊजीले कोनी सांगतलं असतं त..." आणि पुढचं तिनं पदरातच ठेवलं.

आज सकाळी सुखदेव स्वतः जाळं घेऊन आला. माझ्याकडे बघितलं नाही. मायघराच्या काठावर नारळ ठेवला, फोडला नाही, आणि जाळं फेकलं. भाऊजी, त्याचा हात तुमच्यापेक्षा चांगला आहे. जाळं असं गोल पसरलं की कुणीतरी नकळत "वा" म्हणालं आणि लगेच गप्प झालं.

सगळ्या नाही काढल्या. काढल्या त्यातल्या निम्म्या घरोघर गेल्या. पोरं कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली, हेही तुम्हाला सांगायलाच हवं. अंड्यावरच्या, सगळ्यांत मोठ्या तेवढ्या मी ओल्या गोणपाटांत आणि पिंपांत घालून बैलगाडीनं डोमाजीच्या शेतातल्या विहिरीवर नेल्या. तळ्याचं दार उघडायला आला होता तोच डोमाजी. आता म्हातारा झालाय, पण जीभ तशीच.

"नत्थू, माह्या विहिरीत बाजार भरवतो का?"

"बाजार नाही जी. बाळंतिणी हायेत. पानी येईपर्यंत ठेवा."

"अन् पंप लावला त?"

"तेच म्हणून राहिलो. लावा. पन पानी पुन्हा विहिरीतच पडू द्या, वरून."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पिंपाकडे. "सीतारामच्या हायेत का?" मी हो म्हणालो. तो बैल सोडायला स्वतः पुढे आला.

वाटेत काही गेल्या. विहिरीत सोडल्यावर काही तळाला बसल्या, काही जगल्या की मेल्या ते कळलं नाही. मी फार आशा धरलेली नाही. तुम्हाला खोटं लिहीत नाही. तळ्यातून काढलेली मासोळी विहिरीत किती जगते, आणि जगली तरी लोंढा कधी येतो, आणि आला तर मागल्यासारखा दोन दिवसांत सगळं बुडवून जातो का, यांतलं मला काहीच ठाऊक नाही. टापू राहील का तेही ठाऊक नाही. बगळे आलेले नाहीत.

सुखदेव विहिरीच्या काठावर उभा होता. जाताना म्हणाला, "मामा, एक सांगतो. त्या बोलल्या त मले सांगू नका." आणि चिखल्याची बस किती वाजता सुटते ते त्यानं डोमाजीच्या गड्याला विचारलं. माझे कान तिखट आहेत, भाऊजी. त्यानं हळूच विचारलं तरी मला ऐकू आलं. त्याला अडवीन असं वचन तुम्हाला देत नाही. तुम्हाला अडवता आलं नाही, तर त्याला कसं अडवू? बाईला मात्र एकटी पडू देणार नाही, ती टापूवर राहिली तरी आणि माझ्या घरी आली तरी.

वचन देतो ते एवढंच. उद्यापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या विहिरीवर जाईन आणि काठावर बसून ऐकीन. आवाज आला तर आभाळाकडे बघणार नाही, कुणाला पाऊस येतो म्हणून सांगणार नाही. उठेन आणि पंप लावीन. वीज नसली तर बादलीनं पाणी काढून वरून पाडत राहीन, त्या खाली जाईपर्यंत.

तुमचा साळा,
नत्थू